धाकटी पाती रजेवर

देवासला टेकरीच्या पायथ्याशी एक बॅडमिंटनचा हॉल आहे. सकाळी सहाच्या सुमारास त्याच्या व्हरांड्यात एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायात मोजा चढवणारी आणि तोंडाने अडीचकी म्हणणारी एकाहत्तर वर्षांची बाई दिसली, तर घाबरू नका. हाक तर मुळीच मारू नका. मी पहिल्या दिवशी मारली होती.

"काकू, खुर्ची देऊ का?"

"सात अडीच साडेसतरा," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. मोजा टाचेवरून वर गेला. "आठ अडीच वीस. तू कोण?"

"मी डॉक्टर."

"कशाचा?"

"दातांचा."

"मग दातांपुरतं बोल. नऊ अडीच साडेबावीस."

मोजा केव्हाच चढला होता, पण पाय खाली येईना. पंधरा अडीच साडेसदतीस झालं तेव्हा कुठे तो आला. मग पाय बदलून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही बाजू झाल्यावर त्यांनी चष्म्याची दोरी मानेमागे सारखी केली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "वेडी नाही मी. ही माझी हजेरी आहे. सरकारी नोकरीत हजेरी लावल्याशिवाय काम सुरू करायचं नाही अशी सवय लागलीय."

प्रमिला दफ्तरदार हे नाव फक्त रेशनकार्डावर आणि बँकेत. गावाला त्या जीजी. अंगाने चिपाड, उंची बेताची, केसांचा पांढराशुभ्र अंबाडा, कपाळावर बारीक टिकली आणि खाली ट्रॅकपँट. रॅकेटला धारकडच्या बाग गावच्या छापाच्या कापडाची पिशवी, स्वतः शिवलेली. यजमान बारा वर्षांपूर्वी गेले, एकुलता मुलगा अनिरुद्ध पुण्याला, आणि जीजी देवासला एकट्या. एकट्या म्हणजे फक्त जनगणनेपुरत्या. रोज सकाळी हॉलवरची पंधरा माणसं त्यांच्या ताब्यात असत.

नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात, ऑपरेटरची. त्या सांगत, "पाळीवर गेलं की पहिलं काम लाइनी तपासायच्या. कुठली खरखरतेय, कुठली मुकी आहे, ते बघायचं आणि मगच लोकांचे फोन जोडायचे. तपासणी न करता फोन जोडला तर इंदूरच्या सासऱ्याला उज्जैनचा जावई लागायचा. आता तेच अंगाचं करते." बॅडमिंटन त्या निवृत्त झाल्यावर शिकल्या, साठाव्या वर्षी. त्या वयात लोक तीर्थयात्रेची बुकिंगं करतात. ह्यांनी बूट घेतले.

हजेरीचे चार भाग होते आणि क्रम ठरलेला. पहिला भाग घरी. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं. दुसरा स्वयंपाकघरात: लोणच्याच्या बरणीचं झाकण एका दमात उघडायचं. झाकण उघडलं नाही तर मनगट झोपलेलं आहे, आज स्मॅश बंद. तिसरा भाग हॉलपर्यंतच्या चढाचा. चढताना कुणाशी तरी बोलत यायचं, आणि बोलता बोलता दम लागला तर रात्रीची झोप अपुरी आहे असं समजायचं. बोलायला कुणी भेटलं नाही तर त्या गायीशी बोलत. चौथा भाग मोज्याचा आणि अडीचकीचा.

"पाढा कशाला पण?" मी एकदा विचारलं.

"पाय स्थिर आहे की नाही ते पाय सांगतो. डोकं जागेवर आहे की नाही ते कोण सांगणार? नुसते एक ते पंधरा अंक झोपेतही म्हणता येतात. अडीचकीला जागं राहावं लागतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि माझ्या आजोबांनी छडी घेऊन पाठ करवून घेतलीय ती. एवढ्या छड्या खाल्ल्यात तर कुठेतरी वापरायला नको?"

निकाल तीनच. हजर, म्हणजे पूर्ण खेळ. अर्धी रजा, म्हणजे डबल्समध्ये नेटपाशी आणि एकच गेम. पूर्ण रजा, म्हणजे खुर्ची टाकून गुण सांगायचे. पूर्ण रजेच्या दिवशी आम्हाला जास्त धास्ती असे, कारण गुण सांगता सांगता त्या प्रत्येकाच्या खेळावर टिप्पणी करत आणि ती आवाज न चोरता करत.

आता पात्यांचं सांगायला हवं. आमच्या देवासचं जुनं वैशिष्ट्य असं की संस्थानी काळात एकाच गावात दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. गाव एक, दरबार दोन. दफ्तरदारांच्या दोन पिढ्या ह्या दरबारांची कागदपत्रं सांभाळण्यात गेलेल्या. जीजींनी ते राज्य आपल्या अंगात चालू ठेवलं होतं. उजवा गुडघा थोरली पाती, डावा धाकटी पाती. "थोरली समजूतदार आहे. धाकटी कुरकुरी. पण दोन्ही दरबारांची मंजुरी आल्याशिवाय मी कोर्टावर पाय ठेवत नाही," असं त्या म्हणत. सकाळी कुणी विचारलं, "जीजी, कशा आहात?" तर उत्तर येई, "थोरलीकडून होकार आहे. धाकटीचं पत्र यायचंय."

दुखण्याबद्दल त्यांचं एक वाक्य होतं. ते मी माझ्या दवाखान्यात दातांसाठीसुद्धा वापरून पाहिलं, पण तिथे लागू पडलं नाही. त्या म्हणत, "दुखणं दोन जातीचं. एक चार पावलं चाललं की कमी होतं, दुसरं चार पावलं चाललं की वाढतं. पहिल्याला घेऊन खेळायचं. दुसऱ्याला घेऊन घरी जायचं. ह्यात फसवाफसवी केली की आपलंच बोट आपल्या डोळ्यात."

हे सगळं त्या एका वहीत लिहीत. तारीख, चारही भागांचा निकाल, शेवटी सही. ह्या वहीत एकाच पानावर लाल शाई होती. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी अडीचकी पाच अडीचवरच अडखळली. अंगात कणकण होती. हजेरीचा निकाल स्पष्टपणे रजेचा होता. पण चौथा गडी कमी होता आणि मंडळी आग्रह करत होती, म्हणून जीजींनी वहीत 'हजर' लिहिलं आणि खेळल्या. दुसऱ्या गेमला मागे जाताना पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत अनिरुद्ध पुण्याहून येऊन राहिला, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याने आईची बॅगच भरायला काढली.

तेव्हा मायलेकांत करार झाला. आम्ही हॉलवरचे सगळे त्याचे साक्षीदार. जीजींनी रोज हजेरी खरी लावायची आणि तिच्या निकालाबाहेर कधी खेळायचं नाही. पुन्हा एकदा जरी खोटी हजेरी लावून खेळल्या, तर मग पडोत न पडोत, देवासचं घर बंद करून पुण्याला जायचं. कायमचं. जीजींनी त्या खोट्या पानावर लाल शाईने 'खोटी हजेरी' असं लिहिलं आणि खाली सही केली. पुण्यात त्यांचं काही वाईट झालं नसतं. मुलगा चांगला, सून चांगली, बाराव्या मजल्यावर हवाही चांगली. पण टेकरी नाही, चढ नाही, हॉल नाही, आणि गायीशी बोललं तर लोक डॉक्टरकडे नेतील. त्या एकदाच मला म्हणाल्या होत्या, "मी तिथे नीट जगेन रे. पण सकाळी सहा वाजता करू काय?" त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही, आणि मीही नाही.

मी स्वतः अशा हजेऱ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हतो. माझ्या मुलीने मला एक घड्याळ दिलं होतं. ते रात्रभर मनगटावर बसून झोप मोजायचं, नाडी मोजायचं आणि सकाळी शंभरपैकी गुण द्यायचं. एका सकाळी त्याने मला एक्क्याण्णव दिले. आयुष्यात एवढे गुण मला कुणी दिले नव्हते. मी ते हॉलभर दाखवत फिरलो.

जीजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काल रात्री काय जेवलास?"

"लग्न होतं. दाल-बाफले."

"किती बाफले?"

तुपात बुडवलेल्या त्या कणकेच्या गोळ्यांचा आकडा मी सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "उभा राहा एका पायावर." मी तीन अडीचला बुटांच्या मांडणीवर जाऊन आदळलो. "अर्धी रजा," त्यांनी निकाल दिला. मी म्हटलं, घड्याळ शास्त्रीय आहे. आणि ऐटीत सिंगल्स खेळायला गेलो. सहाव्या मिनिटाला पोटरीत अशी कळ आली की मी कोर्टावर बसलोच. जीजींनी बर्फ आणवला, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बर्फ चोळता चोळता म्हणाल्या, "अरे, घड्याळ राहतं मनगटावर, पोटरी राहते खाली. इतक्या लांबचं त्याला काय कळणार?"

दुसऱ्याच्या अंगाची हजेरीही त्या न विचारता लावत. आमच्यात एक सक्सेना साहेब आहेत, चौसष्ट वर्षांचे, जीजींचे डबल्सचे जोडीदार, कपड्यालत्त्यात अतिशय टापटीप. एका सकाळी ते आले आणि जीजी लगेच म्हणाल्या, "सक्सेनाजी, आज आपकी छुट्टी."

"क्यों जीजी? मैं तो एकदम फिट हूँ."

"मांग टेढ़ी है आपकी."

सगळ्यांनी साहेबांच्या डोक्याकडे पाहिलं. रोज पट्टीने आखल्यासारखा असणारा भांग खरोखरच वाकडा होता. जीजी म्हणाल्या, "जिसका हाथ बालों तक नहीं जाता, वो स्मॅश क्या मारेगा?" साहेब चाट पडले. खांदा चार दिवस धरला होता आणि बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं. घरी गेल्यावर मात्र त्यांनी बायकोला कळवलं, कारण न कळवता इलाज नव्हता. हॉलवरच्या पंधराही जणांना कळलं होतं.

ह्या बाईंचा एकच हळवा कोपरा होता आणि तो धारला राहत होता. त्यांची नणंद, मालतीबाई. वय एकोणसत्तर, उंच, गोऱ्यापान, आणि बॅकहँड असा की भल्याभल्यांची भंबेरी उडावी. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी देवास आणि धारच्या सकाळच्या मंडळींचे सामने होतात. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. पाच सामने, आणि शेवटचा अशा जोड्यांचा की दोघांचं वय मिळून एकशे वीसच्या वर जावं. त्यात जीजी आणि सक्सेना साहेब एका बाजूला, मालतीबाई आणि त्यांचा जोडीदार दुसऱ्या बाजूला. पाच वर्षांत मालतीबाई तीनदा जिंकल्या होत्या, जीजी दोनदा.

जुन्या घरातल्या रीतीप्रमाणे जीजी त्यांना 'वन्सं' म्हणत आणि अहो-जाहो करत. नेटच्या अलीकडून "वन्सं, घ्या हं!" असं अदबीने म्हणत त्यांच्या पायांत शटल मारत. पलीकडून "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात!" असं म्हणत ते परत येई. मानपान असा की आहेर चाललाय असं वाटावं, आणि गुण मात्र एकेक ओरबाडून घेतलेला.

यंदा सामने धारला होते. बरोबरी साधायची म्हणून जीजी दिवाळीपासून तयारीला लागल्या होत्या. अनिरुद्धही खास त्यासाठी पुण्याहून आला होता. मला वाटतं, आई कशी खेळते ह्यापेक्षा आई कशी पडत नाही हे बघायला आला होता. आणि नेमकी त्या रविवारी सकाळी हजेरीत धाकटी पाती फिरली. हात न टेकता उठताना गुडघ्यात चमक आली. चार पावलं चालल्या, चमक वाढली. दुसऱ्या जातीचं दुखणं. जीजींनी वहीत 'पूर्ण रजा' लिहिलं आणि आमच्या मंडळाचा सेक्रेटरी भूषण, त्याला मोबाइलवर निरोप धाडला: "डावा गुडघा सकाळपासून फार चेष्टा करतो आहे. यादीचं काय ते बघ."

भूषणचं टेकरीच्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. घर मराठी, शाळा हिंदी. बोलतो दोन्ही, वाचतो हिंदीत. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. भूषणने वाचलं की एकाहत्तर वर्षांच्या जीजींचा डावा गुडघा सकाळपासून जिवापाड प्रयत्न करतो आहे. त्याचा ऊर भरून आला. त्याने उत्तर पाठवलं, "वाह जीजी! इसको कहते हैं जज़्बा!" आणि पुढे धारला जाऊन यादीत पहिलं नाव जीजींचं घातलं. जीजींना वाटलं, वेळेवर रजा घेतली म्हणून पोरगं कौतुक करतंय.

आम्ही मागून अनिरुद्धच्या गाडीतून गेलो. जीजी लंगडत होत्या, पण मजेत होत्या. प्रेक्षक म्हणून जाण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता. वाटेत त्यांनी आम्हाला तिळाच्या वड्या खायला घातल्या आणि अनिरुद्धच्या गाडी चालवण्यावर गुण सांगितले. हॉलच्या दारात पोचलो तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव, आणि आतून भूषण माइकवर सांगतोय, "हमारी जीजी का घुटना सुबह से चेष्टा कर रहा है! ज़ोरदार तालियाँ!"

टाळ्या पडल्या. जीजी क्षणभर बघतच राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या अशा हसल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. "अरे भूषण! चेष्टा म्हणजे थट्टा रे! गुडघा माझी मस्करी करून राहिला होता!"

भूषणचा चेहरा उतरला. "जीजी, मला वाटलं कोशिश करून राहिलाय."

"कोशिशच करतोय. मला पाडायची."

हसू ओसरलं आणि अडचण दिसू लागली. पहिला सामना सुरू झाल्यावर यादी बदलता येत नाही असा नियम, आणि पहिला सामना होऊन गेला होता. जीजी उतरल्या नाहीत तर शेवटचा सामना धारला फुकट जाणार. सगळे म्हणाले, बघू, तोवर निकाल लागलेलाही असेल. पण तसं काही झालं नाही. चार सामन्यांनंतर दोन-दोन अशी बरोबरी झाली.

मग जो तो जीजींना समजावायला लागला. सक्सेना साहेब म्हणाले, मागचं सगळं कोर्ट मी सांभाळतो. भूषण रडायच्या बेतात येऊन म्हणाला, "जीजी, माझी गलती आहे, पण ट्रॉफी सगळ्यांची आहे." मीसुद्धा म्हटलं, एक गेम तर आहे. कबूल करतो. दातांपुरतं बोलायचं मी त्या दिवशी विसरलो. बाहेर ढोल वाजत होता, समोर मालतीबाई रॅकेट घेऊन उभ्या होत्या, आणि वातावरणच असं होतं की नाही म्हणणारा माणूस वैरी वाटावा. आणि मग गर्दीतून अनिरुद्ध पुढे आला. ज्याने बॅग भरायला काढली होती तोच अनिरुद्ध. त्याचे गाल लाल झाले होते. "आई, खेळ ना. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. नेटपाशी नुसती उभी राहा."

जीजींनी त्याच्याकडे पाहिलं. "करार कुणी केला होता?"

"मीच."

"आणि आता मोडून कोण राहिलंय?"

जीजींनी बूट काढले आणि सगळ्यांसमोर कोर्टाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ढोल थांबला. आधी त्या उजव्या पायावर उभ्या राहिल्या. एक अडीचपासून पंधरा अडीचपर्यंत खणखणीत. थोरल्या पातीचा होकार. मग पाय बदलला. "एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात..." पाय थरथरू लागला. मी मनात म्हणत होतो, जीजी, टिका. सहा अडीच पंधराला उचललेला पाय जमिनीवर आला.

"धाकटी पाती रजेवर," त्या म्हणाल्या. "वन्सं, तुम्ही जिंकलात. माझं अभिनंदन घ्या."

त्यांनी चष्म्याची दोरी मानेमागे सारखी केली. तेवढंच. मी त्यांना अकरा वर्षं ओळखतो, आणि त्यांना एखादी गोष्ट हवी असून ती सोडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मालतीबाई नेटखालून वाकून अलीकडे आल्या. "वहिनी, खरंच नाही?"

"खरंच नाही."

"मग मीही सांगते. माझा उजवा खांदा दहा दिवस झाले वर जात नाही. तुम्ही येणार म्हणून कुणाला बोलले नाही."

जीजींनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तरीच! मघापासून म्हणतेय, आज वन्संची वेणी इतकी सरळ कशी! कुणी घातली?"

"सुनेने," मालतीबाई म्हणाल्या. आणि दोघी एकमेकींचे हात धरून जे हसत सुटल्या ते थांबेचनात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं नणंद-भावजयीचं नातं, आणि मालतीबाई पहिल्यांदाच "अगं वहिनी, तू तरी" असं काहीसं म्हणाल्याचं मी ऐकलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. जीजींच्या आलं होतं. नंतर गाडीत त्यांनी ते तीनदा सांगितलं.

दोन्ही बाजू गैरहजर, तेव्हा सामना कुणाचाच नाही. ट्रॉफी सहा महिने धारला, सहा महिने देवासला असं ठरलं. म्हणजे पुन्हा दोन पात्या झाल्याच. मग धारच्या मंडळींना ती हजेरी करून बघायची हुक्की आली. पन्नास-साठ वर्षांची तीसेक माणसं एका पायावर उभी, निम्मी "तीन अडीच साडेसात" म्हणतायत, निम्मी "ढाई तिया साढ़े सात", आणि भिंती धरायला जागा पुरत नाहीये. दोघी नणंद-भावजया खुर्च्यांवर बसून निकाल देत होत्या. "अर्धी रजा! पूर्ण रजा! ह्याला नोकरीवरूनच काढा!"

परतीच्या वाटेवर चहाला गाडी थांबवली तेव्हा अनिरुद्ध म्हणाला, "आई, वही दे."

जीजींनी पिशवीतून वही काढून दिली. त्याने त्या दिवशीचं पान काढलं, 'पूर्ण रजा' लिहिलं होतं त्याच्यासमोर 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली. "आज मी तुला खोटी हजेरी लावायला सांगत होतो. मीच. त्या सगळ्यांसमोर तू नाही म्हणालीस. आता पुण्याचं मी पुन्हा काढणार नाही."

"वरिष्ठांची सही लागतच होती," जीजी म्हणाल्या आणि चहाचा ग्लास तोंडाला लावला. तो बराच वेळ तसाच राहिला. डोळे पुसायला त्यांना तेवढा आडोसा पुरत होता. मी दुसरीकडे बघितलं. मला मात्र डोळे पुसायला ग्लास नव्हता, कारण माझा चहा संपला होता.

धाकटी पाती त्यानंतर पाच आठवडे रजेवर होती. जीजी रोज येत, हजेरी लावत, नापास होत आणि खुर्चीवर बसून आमची खरडपट्टी काढत. त्याच सुमारास मी दवाखाना इंदूरला हलवायचं ठरवलं. हॉलवरचा माझा शेवटचा दिवस होळीच्या आधीचा होता. सामानाची गाडी बाहेर उभी होती. मी निरोप घ्यायला व्हरांड्यात शिरलो, तर जीजी डाव्या पायावर उभ्या. उजव्या पायात मोजा केव्हाच चढलेला. आत खेळ थांबला होता. सगळे दारात गोळा झाले होते.

"तेरा अडीच साडेबत्तीस. चौदा अडीच पस्तीस." पाय जरा हलला, मग स्थिर झाला. "पंधरा अडीच साडेसदतीस."

सक्सेना साहेबांनी टाळी वाजवायला हात वर केला. भांग सरळ होता. जीजींनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं आणि पुढे गेल्या. "सोळा अडीच चाळीस." आणि मग पाय खाली ठेवला. स्वतःहून.

"दातांचे डॉक्टर," त्या मला म्हणाल्या, "इंदूरला जाऊन राहिलास ते ठीक. पण ते घड्याळ इथेच ठेवून जा." रॅकेट पिशवीतून काढत त्या आत निघाल्या, आणि जाता जाता वही त्यांनी भूषणच्या हातात दिली. "लिही रे. दोन्ही पात्या हजर. आणि मराठीत लिही."

भूषण कठड्यावर वही ठेवून एकेक अक्षर जुळवत बसला. मी गाडीत बसलो तरी त्याचं लिहून व्हायचं होतं. आत पहिलं शटल उडालं होतं. त्याने मान वर करून हॉलमध्ये हाक दिली, "जीजी, चेष्टा पण लिहू का?"

"लिही," आतून आवाज आला. "आज हिंदीतली लिही."